आधी बघा, मग दाबा

मागच्या अंकात सॉफ्ट टिश्यूच्या जखमांवर लिहिलं आणि पत्रांचा ढीग आला. ज्यांनी तो लेख वाचला नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते की हाडं सोडून जे जे दुखावतं ते सगळं यात येतं. कातडी, तिच्याखालची चरबी, स्नायू, लिगामेंट म्हणजे हाडाला हाड बांधणारे पट्टे, रक्तवाहिन्या, मज्जातंतू. मुका मार यातच, चाकूचा काप यातच आणि यंत्रात चिरडलेला हातही यातच. मी 21 वर्षं रुग्णवाहिकेवर होते, आता नव्या मुलामुलींना तेच काम शिकवते. वर्गात सगळ्यात जास्त वेळ ज्या गोष्टीवर घालवते, तीच पहिल्या पत्रात आली आहे.

प्रश्न : ताई, माझ्या धाकट्या भावाचा हात खिडकीची काच फुटून कापला. आम्ही एकावर एक चार टॉवेल गुंडाळले, तरी रक्त झिरपतच होतं. रुग्णवाहिकेतल्या माणसानं आल्याआल्या सगळे टॉवेल सोडले. आम्हाला तर शिकवलं होतं की पहिलं कापड कधीच काढायचं नाही. त्याचं चुकलं की आमचं?

दोघांचंही नाही. पहिलं कापड काढू नये हा नियम रक्त थांबत आलेलं असतं तेव्हाचा आहे. जखमेच्या तोंडाशी गुठळी धरायला लागलेली असते आणि कापड उचललं की तीही त्याच्याबरोबर निघून येते. म्हणून एकदा कापड भिजलं तर त्यावर दुसरं ठेवून आणखी जोरात दाबायचं, हे बरोबरच. पण दुसरंही भिजून रक्त वाहतंच आहे, तर जपायला आत गुठळीच नाही. तेव्हा तिसरा आणि चौथा टॉवेल फक्त रक्त शोषतो, थांबवत नाही.

मी कामाला लागले त्या पहिल्याच वर्षी एका जिन्यावर असाच एक मुलगा बसलेला होता. कोपरापासून मनगटापर्यंत उशीएवढं गाठोडं आणि वडील ते दोन्ही हातांनी छातीशी आवळून बसलेले. रक्त गाठोड्याच्या खालच्या कडेनं थेंबाथेंबानं पायरीवर पडत होतं. माझ्याबरोबरच्या अनुभवी सहकाऱ्यानं सगळं सोडलं, एका गॉजनं जखम एकदाच टिपली आणि मला म्हणाला, "बघ." काप चांगला चार बोटं लांब होता, कडा उघडलेल्या, आत पिवळसर चरबीचे दाणे दिसत होते. पण रक्त सगळ्या कापातून येत नव्हतं. अंगठ्याच्या बाजूच्या कोपऱ्यातून बारीक, लालभडक, नाडीच्या ठोक्याबरोबर उसळत होतं. बाकी सगळा काप जवळजवळ कोरडा. त्यानं गॉजची छोटी घडी त्या कोपऱ्यावर ठेवली आणि माझी दोन बोटं धरून तिथे दाबली. रक्त जागच्या जागी थांबलं. वडिलांनी इतकी ताकद लावली होती, पण ती उशीभर पसरली होती. तेवढीच ताकद दोन बोटांच्या टोकाशी आली की रक्तवाहिनी मिटते.

म्हणून मी सगळ्यांना सांगते, आधी बघा, मग दाबा. कपडा बाजूला करा, गरज वाटली तर फाडा. रक्त नेमकं कुठून येतंय ते एका नजरेत शोधा. गॉज किंवा स्वच्छ कापडाची घडी तिथे ठेवा आणि कोपर ताठ ठेवून अंगाच्या वजनानं दाबा. जखमी अवयवाखाली जमीन, फळी, तुमची मांडी असं काहीतरी टणक हवं, नाहीतर तुम्ही दाबाल आणि हात खाली जाईल. मग घड्याळ बघून 10 मिनिटं. मध्ये "थांबलं का?" म्हणून उचलून बघायचं नाही. या 10 मिनिटांत हात सैल न करणं हे सगळ्यात कठीण काम आहे, कारण दोन मिनिटांनीच वाटतं की फार वेळ झाला. जखमी माणूस रक्त पातळ करण्याची गोळी घेत असेल तर आणखी वेळ लागतो. जखमेत काच रुतलेली असेल तर मात्र तिच्यावर दाबू नका, ती काढूही नका. तिच्या दोन्ही बाजूंनी दाबा.

तुमच्या हातात रबरी मोजे हवेत. नसतील तर प्लास्टिकची स्वच्छ पिशवी हातावर चढवा. जखमी शुद्धीवर असेल तर पहिला हात त्याचाच, त्याला स्वतःच दाबायला सांगा, तोवर तुमची तयारी होते.

रक्त थांबल्यावर घडी तिथेच ठेवून वरून पट्टी बांधा आणि बांधल्यावर बोटांकडे बघा. नख दाबून सोडलं की पांढरं झालेलं नख साधारण 2 सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवं. बोटं निळसर किंवा गार पडली, मुंग्या आल्या, तर पट्टी घट्ट झाली आहे, थोडी सैल करा. पूर्वी आम्ही हात वर उचलून धरा, काखेतली किंवा कोपरातली धमनी दाबा, असंही शिकवायचो. त्यानं रक्त थांबतं याला पुरेसा पुरावा मिळाला नाही आणि त्या खटपटीत जखमेवरचा हात सुटायचा, म्हणून ते आता शिकवत नाही.

तुमच्या पत्रात आणखी एक वाक्य आहे, "फरशीवर इतकं रक्त होतं की आईला वाटलं आता संपलं." फरशीवरचं रक्त नेहमी फसवतं. पेलाभर रक्त सांडलं तरी खोली भरल्यासारखी वाटते आणि जाड गादीत किंवा मातीत लिटरभर मुरलं तरी दिसत नाही. मोठ्या माणसाच्या अंगात सुमारे 5 लिटर रक्त असतं. 10 किलो वजनाच्या बाळात जेमतेम 800 मिलीलिटर, त्यामुळे तेच पेलाभर रक्त बाळाच्या बाबतीत फार मोठं असतं. किती गेलं हे माणसाकडे बघून ओळखा. चेहरा पांढराफटक, अंगाला गार घाम, नाडी भरभर आणि बारीक, उगाच अस्वस्थपणा, सारखी तहान. असं दिसलं की त्याला आडवं करा, खायला-प्यायला काही देऊ नका आणि अंगावर पांघरूण घाला. पांघरुणाचं महत्त्व लोकांना पटत नाही, पण अंग थंड पडलं की रक्ताची गुठळी धरण्याची ताकदच कमी होते. भर उन्हाळ्यातसुद्धा मी जखमींना झाकलेलं आहे.

प्रश्न : आमच्या कारखान्याच्या प्रथमोपचार पेटीत टूर्निके, म्हणजे रक्त थांबवायला हातापायाला आवळायचा दांडीचा पट्टा, आणून ठेवलंय. माझे वडील सैन्यात होते. ते म्हणायचे, टूर्निके बांधलं की हात गेलाच समजा. मग हे वापरावं की नाही?

वडिलांच्या पिढीला खरोखरच तसं शिकवलं जायचं, आणि मलाही सुरुवातीला "अगदी शेवटचा उपाय" असंच सांगितलं होतं. टूर्निके नवं नाही. ज्यां-लुई पेती या फ्रेंच शल्यविशारदानं स्क्रूनं आवळायचं टूर्निके केलं ते 1718 च्या सुमारास. पुढे त्याचं नाव खराब झालं, कारण ते भलत्याच जखमांना बांधलं जायचं, अरुंद दोरीनं बांधलं जायचं आणि माणूस तासन् तास तसाच पडून राहायचा. इराक आणि अफगाणिस्तानातल्या युद्धांत सैनिकांना रुंद पट्ट्यांची चांगली टूर्निके दिली गेली, तेव्हा दिसलं की लवकर बांधलं तर जीव वाचतो आणि त्यामुळे अवयव जाणं फार विरळ. मग अमेरिकेत 2013 मध्ये हार्टफर्ड इथे डॉक्टर मंडळी एकत्र बसली आणि 2015 मध्ये 'स्टॉप द ब्लीड' ही मोहीम सुरू झाली, ती सामान्य माणसाला हेच शिकवण्यासाठी.

तर वापरायचं, पण हातापायातून रक्त धो धो वाहतंय आणि दाबून थांबत नाहीये तेव्हाच. हात किंवा पाय तुटलेलाच असेल तर दाबून बघण्यात वेळ घालवू नका, थेट बांधा. जखमेच्या वर, म्हणजे धडाच्या बाजूला, 5 ते 7 सेंटीमीटरवर बांधायचं. कोपर किंवा गुडघ्यावर नाही, ती जागा नेमकी सांध्यावर आली तर सांध्याच्याही वर. खिशात किल्ल्या, मोबाइल असेल तर काढा. मग दांडी पिळत जा. इथे बहुतेकांचा हात अडतो, कारण जखमी ओरडायला लागतो. मी बांधलेलं एकही टूर्निके असं आठवत नाही ज्याला माणूस "सोडा, सोडा" म्हणाला नाही. ते दुखणारच. दुखतंय म्हणून मध्येच थांबलात तर त्याहून वाईट होतं, कारण अर्धवट आवळलेल्या पट्टीनं रक्त परत नेणाऱ्या शिरा मिटतात, धमनी चालूच राहते आणि रक्तस्राव वाढतो. रक्त थांबेपर्यंत पिळा, मग दांडी अडकवा आणि वेळ लिहा. पट्टीवर लिहा, कपाळावर लिहा, पण लिहा. एकदा बांधलं की अधूनमधून सैल करायचं नाही, ते काम रुग्णालयात होईल. 2 तासांपर्यंत सहसा कायमचं नुकसान होत नाही.

तयार टूर्निके नसेल तर रुंद कापड आणि मजबूत काठीनं करता येतं, पण ते नीट जमणं अवघड आहे. सुतळी, वायर, बुटाची नाडी चालत नाही. ती मांसात रुतते आणि धमनी चालूच राहते. तुमच्याकडे पेटी आहे तर एक सराव करायचं वेगळं ठेवा आणि महिन्यातून एकदा एकमेकांच्या मांडीवर बांधून बघा. प्रसंग आल्यावर पाकीट फोडून सूचना वाचायला वेळ नसतो.

जांघेत आणि काखेत टूर्निके बसत नाही. तिथे खोल जखम असेल तर गॉजची लांब पट्टी बोटानं आत तळापर्यंत, रक्त येतंय तिथवर भरत जायची, जखम गच्च भरली की वरून दोन्ही हातांनी दाबून धरायचं. छाती आणि पोटाच्या जखमेत मात्र असं काहीही भरायचं नाही. पोटातून आतडं बाहेर आलं असेल तर आत ढकलू नका, ओल्या स्वच्छ कापडानं झाका, त्यावर प्लास्टिक ठेवा आणि गुडघे दुमडून झोपवा.

प्रश्न : शेजाऱ्यांचं बोटाचं पेर यंत्रात तुटलं. आम्ही ते लगेच बर्फाच्या डब्यात टाकून नेलं. डॉक्टर म्हणाले, बर्फामुळे खराब झालं. बर्फात ठेवायचं नसतं का?

थंड ठेवायचं असतं, पण बर्फाला लावायचं नसतं. बर्फाला चिकटलं की पेशी गोठून फुटतात आणि पाण्यात बुडवून ठेवलं तर फुगतात. तुकडा सलाईननं किंवा स्वच्छ पाण्यानं ओलसर केलेल्या गॉजमध्ये गुंडाळा, ती पुडी प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बंद करा आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा. घासून धुऊ नका. बोटात स्नायू नसल्यामुळे ते नीट थंड ठेवलं तर बरेच तास टिकतं, पण मनगटाच्या वरून तुटलेल्या हाताला इतका अवधी मिळत नाही. आणि तुकडा शोधण्यात सगळे गुंतले, जखमी बाजूला रक्त गमावत बसला, असं होऊ देऊ नका. एकानं दाबायचं, दुसऱ्यानं शोधायचं.

आणि बोटाला किंवा हाताला काहीही लागलं की अंगठी आधी काढा. तासाभरात सूज आली की ती कापूनच काढावी लागते.

प्रश्न : मी 19 वर्षांचा आहे, गॅरेजमध्ये शिकतो. काल ग्रीस गन साफ करताना डाव्या तर्जनीत टोचलं. टाचणीएवढं भोक आहे, थेंबभरच रक्त आलं. आज बोट जरा जड वाटतंय. मलम लावू का?

हे पत्र वाचल्याबरोबर संपादकांनी या मुलाला फोन केला आणि तो त्याच दिवशी रुग्णालयात गेला. इथे छापते आहे ते बाकीच्यांसाठी.

बाळा, हे टाचणीचं टोचणं नाही. ग्रीस गनमधला दाब गाडीच्या टायरमधल्या दाबाच्या शंभरपट किंवा त्याहूनही जास्त असू शकतो. त्या दाबानं ग्रीस कातडीतून आत घुसतं आणि कंडरेच्या, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीच्या, आवरणातून सरकत तळव्यापर्यंत पोचतं. रंग फवारायच्या यंत्रानं किंवा हायड्रॉलिकच्या फुटलेल्या नळीनंही असंच होतं. वरून काही दिसत नाही, पहिले काही तास फारसं दुखतही नाही, आणि म्हणूनच ही जखम मला फार भीतीची वाटते. पुढे बोट सुजतं, ताठरतं, आतला रक्तपुरवठा बंद पडतो. शस्त्रक्रिया करून बोट उघडून आतलं ग्रीस काढावं लागतं, आणि जितका उशीर तितकी बोट जाण्याची शक्यता वाढते. रंग आणि थिनर तर ग्रीसपेक्षाही वाईट.

अशा वेळी मलम नको, शेक नको, चोळणं नको, दाबून बाहेर काढणं तर मुळीच नको. हात स्थिर ठेवून लगेच रुग्णालय. तिथे "टोचलं" एवढंच सांगू नका, नाहीतर धनुर्वाताचं इंजेक्शन देऊन घरी पाठवतील. "ग्रीस गननं, दाबाखाली आत गेलं" असं स्पष्ट सांगा आणि डब्यावरच्या लेबलाचा फोटो दाखवा. गॅरेज चालवणाऱ्या वडीलधाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, शिकाऊ मुलानं असं काही सांगितलं तर "काही होत नाही" म्हणू नका.

प्रश्न : पाय मुरगळला की बर्फ लावायचा की शेकायचं? एक्स-रे दर वेळी काढावा का? आणि मार घोट्याला लागला असताना काळंनिळं बोटांपर्यंत कसं उतरतं?

शेवटच्यापासून सुरुवात करते, कारण त्यानं लोक विनाकारण घाबरतात. फुटलेल्या बारीक रक्तवाहिन्यांतलं रक्त वजनानं खाली उतरतं. तीन-चार दिवसांनी बोटांच्या बुडाशी जांभळा पट्टा दिसला तर नवीन काही झालेलं नाही.

एक्स-रेसाठी ओटावा नियम आहेत, कॅनडातल्या डॉक्टरांनी 1992 मध्ये मांडलेले. घोटा दुखतोय आणि आतल्या किंवा बाहेरच्या हाडाच्या मागच्या कडेला, टोकापासून वर 6 सेंटीमीटरपर्यंत, बोटानं दाबल्यावर हाड दुखतंय, किंवा मार लागल्यावरही आणि दवाखान्यातही चार पावलं टाकता येत नाहीत, तर एक्स-रे काढायचा. करंगळीच्या बाजूला पावलाच्या मध्यावर हाडाचा उंचवटा लागतो, किंवा पावलाच्या आतल्या बाजूला घोट्याच्या पुढे हाड असतं, यांपैकी काही दाबल्यावर दुखलं तरी काढायचा. यातलं काहीच नसेल तर हाड मोडलेलं असण्याची शक्यता फार कमी. लहान मुलं, दारू प्यायलेला माणूस किंवा पायाची संवेदना कमी असलेला मधुमेही यांच्याबाबत मात्र डॉक्टरांनीच ठरवावं.

पहिले दोन दिवस शेक नको, मालिश नको. बर्फ कापडात गुंडाळून एका वेळी जास्तीत जास्त 20 मिनिटं लावा. विश्रांती, बर्फ, पट्टी आणि पाय उंच ठेवणं ही चौकडी 1978 मध्ये गेब मिर्किन या डॉक्टरांनी मांडली. पुढे 2014 मध्ये त्यांनीच लिहिलं की बर्फानं आणि पूर्ण विश्रांतीनं भरून येणं लांबू शकतं. म्हणून आता बर्फ दुखणं कमी करण्यापुरता वापरा आणि दुखणं सोसवेल तसं लवकर हलायला लागा.

पण मुक्या मारानंतर, विशेषतः पिंढरीला किंवा हाताच्या पुढच्या भागाला, दुखणं दर तासाला वाढतंय, भाग दगडासारखा टणक झालाय, बोटं दुसऱ्यानं नुसती ताणली तरी जीव जातोय आणि मुंग्या येताहेत, तर रात्र असली तरी रुग्णालय गाठा. स्नायूंच्या घट्ट कप्प्यात सूज कोंडली की आतलं रक्त फिरायचं थांबतं. डॉक्टर त्याला कंपार्टमेंट सिंड्रोम म्हणतात. यात नाडी शेवटपर्यंत लागू शकते, त्यामुळे "नाडी आहे ना, मग ठीक आहे" असं म्हणू नका.

प्रश्न : खरचटल्यावर स्पिरिट की हायड्रोजन पेरॉक्साइड?

दोन्ही नाही. फेस येतो म्हणजे घाण निघतेय असं वाटतं, पण त्यात भरून येणाऱ्या पेशीही मरतात. पिण्याच्या स्वच्छ पाण्याच्या धारेखाली पाच-दहा मिनिटं धरा, माती राहिली असेल तर अलगद काढा, कोरडं करून झाका. प्राण्यानं चावलं किंवा ओरखडलं असेल तर साबण आणि वाहत्या पाण्यानं पूर्ण 15 मिनिटं धुवा आणि रेबीजच्या लसीसाठी त्याच दिवशी जा. धनुर्वाताच्या लसीचे सगळे डोस पूर्ण झालेले असतील तर स्वच्छ लहान जखमेला शेवटच्या डोसनंतर 10 वर्षं आणि मळलेल्या किंवा खोल जखमेला 5 वर्षं झाली की पुन्हा डोस, हा हिशोब असतो.

प्रश्न : मला रक्त बघितलं की भोवळ येते. दोन लहान मुलं आहेत. उद्या त्यांना काही झालं तर मी काय करणार, या विचारानं झोप लागत नाही. — एक आई

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. रक्त बघून अनेकांचा रक्तदाब झटकन उतरतो. तो मनाचा कमकुवतपणा नाही आणि माझ्या वर्गात येणाऱ्यांतही दर वेळी असं कुणीतरी असतंच. त्यांना मी शिकवते ते तुम्हालाही सांगते. मांड्या, पोट आणि मोकळ्या हाताची मूठ दहा-पंधरा सेकंद घट्ट आवळा, चेहऱ्यावर ऊब जाणवली की सैल सोडा, पुन्हा आवळा. आत्ता, काही झालेलं नसताना, दिवसातून तीन-चार वेळा हे करून बघा म्हणजे अंगवळणी पडेल.

आणि उभं राहू नका. मुलाला जमिनीवर झोपवा, तुम्ही भिंतीला पाठ टेकून त्याच्याजवळ बसा, कापडाची घडी जखमेवर ठेवून दाबा. जागा एकदा नेमकी बघून घ्यायची, तेवढा एक क्षण लागेल. त्यानंतर जखमेकडे बघायची गरज नाही. फोन स्पीकरवर ठेवून रुग्णवाहिका बोलवा, मुलाच्या चेहऱ्याकडे बघत त्याच्याशी बोलत राहा आणि हात तिथेच ठेवा.